‘तुझ्या’मधील ‘तु’ लघु कां?

मराठी पद्याचें परीक्षण करतांना शेवटीं वृत्तदोषांची एक यादी जोडण्याची चाल आमच्या टीकाकारांत फार दिवसांची आहे. या यादींत एक दोष बहुधा असतोच. कवीनें ‘तुझ्या’ हा शब्द योजलेला असतो; ‘तु’च्या पुढें ‘झ्या’ हें जोडाक्षर असतें; आणि तरीहि कवीनें ‘तु’ लघु धरलेला असतो. टीकाकार म्हणतो, संयोगापूर्वीचा ऱ्हस्व स्वर गुरु होतो हा नियम येथें मोडला. फार तर ही कविजनांना दिलेली सवलत समजावी. कवीचा कैवारी उत्तर देतो, मराठींत जेथें जोडाक्षराचा आघात होत नाहीं तेथें मागचें अक्षर लघुच राहतें. शाळेंतल्या व्याकरणाच्या पुस्तकांतहि हेंच वाक्य असतें, आणि विद्यार्थी तें पाठ करून परीक्षेपुरते गण पाडतात. परंतु आघात म्हणजे काय, तो ‘विद्या’ या शब्दांत कां होतो व ‘नद्या’ या शब्दांत कां होत नाहीं, हें सांगण्याच्या भरीस दोघांपैकीं कोणीच पडत नाहीं. दोन्ही शब्दांत ‘द्या’ हें एकच अक्षर आहे. डोळ्यांना भेद दिसत नाहीं. कानाला मात्र तो क्षणांत कळतो. ज्या नियमाचा अपवाद ‘जेथें नियम लागत नाहीं तेथें तो लागत नाहीं’ अशा स्वरूपाचा असतो, त्या नियमाचा पाया एकदां उकरून पाहणें बरें. आमच्या मतें या वादाचा निकाल वृत्तशास्त्राच्या पोथीपेक्षां उच्चारशास्त्रांत शोधला पाहिजे. आणि तेथें जो निकाल मिळतो तो आमच्या कवींच्या बाजूचा आहे.

प्रथम उच्चारशास्त्र काय म्हणतें तें पाहूं. व्यंजन उच्चारतांना तोंडांतील वाटेवर कोठें तरी अडथळा होतो. ‘त’ म्हणतांना जिभेचें टोक दांतांना लागतें, ‘प’ म्हणतांना ओठ मिटतात, ‘क’ म्हणतांना जिभेचा मागचा भाग मृदु टाळूला भिडतो. हा त्या व्यंजनाचा मुख्य उच्चार. परंतु जिभेचें टोक दांतांशीं गुंतलेलें असतांना तिचा मधला भाग मोकळा असतो, तिचें मूळ मोकळें असतें, ओठहि मोकळे असतात. यांपैकीं एखादा अवयव त्याच क्षणीं दुसरी एक सौम्य हालचाल करूं शकतो. जिभेचा मध्यभाग कठोर टाळूकडे उचलला गेला तर ‘त’ला इकाराची छटा येते, ओठ गोल झाले तर उकाराची, जिभेचें मागचें अंग वर किंवा घशाकडे ओढलें गेलें तर ध्वनि जड व गडद होतो. अडथळा एकच, व्यंजनहि एकच. त्याच्यावर दुसऱ्या हालचालीचा रंग मात्र चढतो. पाश्चात्य ध्वनिशास्त्रज्ञ हिला दुय्यम उच्चारण म्हणतात. इ. स. १८८६ मध्यें पॅरिस येथें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघाच्या लिपींत ही छटा स्वतंत्र अक्षरानें दाखवीत नाहींत. इ. स. १९८९ मध्यें कील येथें ठरलेल्या पद्धतीप्रमाणें मूळ व्यंजनाच्या खांद्यावर एक लहानसें चिन्ह बसवितात. चिन्ह खांद्यावर बसविण्यांतच सिद्धांत सांगून झाला: हें दुसरें व्यंजन नव्हे, पहिल्याचा रंग आहे.

ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेंतील बारकावा आहे असें कोणी समजूं नये. कित्येक भाषांत शब्दाचा अर्थ या छटेवर टांगलेला असतो. रशियन भाषेंत ‘ब्रात’ याचा अंत्य तकार साधा असेल तर अर्थ ‘भाऊ’. त्याच तकाराला तालव्य छटा दिली कीं अर्थ ‘घेणें’. त्या लिपींत या छटेसाठीं एक मूक अक्षर आहे. त्याला स्वतःचा उच्चार नाहीं, मागच्या व्यंजनाला मृदु करणें एवढेंच त्याचें काम. आयरिश भाषेंत बहुतेक प्रत्येक व्यंजनाचीं रुंद व बारीक अशीं दोन रूपें आहेत. ‘होडी’ या अर्थाच्या शब्दाचें अंत्य व्यंजन बारीक केलें कीं तो ‘होड्या’ या अर्थाचा होतो. अनेकवचन करण्यास तेथें प्रत्यय लागत नाहीं, छटा पुरते. अरबींत साध्या तकारानें ‘तीन’ म्हटलें तर अंजीर, आणि जिभेचें मूळ घशाकडे ओढून जड तकारानें म्हटलें तर चिखल. हीं जड व्यंजनें असलेले शब्द मराठींतहि आले आहेत. ‘साहेब’, ‘सुभा’, ‘तबला’ हे त्यांतलेच. परंतु वाटेंत त्यांनीं आपला जडपणा टाकला, आणि आमच्या तोंडीं आमचा साधा सकार व साधा तकार राहिला. आमच्याच देशांत काश्मिरी भाषा तालव्य छटेनें शब्द निरनिराळे करते. तेव्हां हा प्रकार परकीय किंवा विलक्षण आहे असें नाहीं. प्रश्न एवढाच, कीं मराठींत तो आहे काय?

येथें आमची लिपि आडवी येते. मराठी जशी बोलावी तशी लिहावी, व लिहावी तशी वाचावी, असा अभिमान आम्ही बाळगतों, आणि देवनागरीची व्यवस्था पाहिली तर तो बराचसा रास्तहि आहे. परंतु देवनागरींत तालव्य छटा दाखविण्यास यकार जोडण्यावांचून दुसरा उपाय नाहीं, आणि दोन स्वतंत्र व्यंजनें एकत्र आलीं म्हणजेहि त्याच रीतीनें यकार जोडावा लागतो. म्हणजे ‘ण’ आणि ‘य’ असे दोन वर्ण शेजारीं उभे आहेत, कीं एकाच णकारावर यकाराचा रंग चढला आहे, हें ‘ण्य’ पाहून समजत नाहीं. संस्कृतापुरता हा घोटाळा नव्हता, कारण तेथें यकार पूर्ण वर्ण आहे. पाणिनीनें संयोगापूर्वींच्या ऱ्हस्वास गुरु म्हटलें तें याच समजुतीनें. त्यानें अष्टाध्यायीच्या अखेरच्या पादांत आणखीहि एक गोष्ट नोंदली आहे: स्वरानंतर आलेल्या व पुढें स्वर नसलेल्या व्यंजनाचें विकल्पानें द्वित्व होतें. ‘दधि’ आणि ‘अत्र’ यांचा संधि होऊन ‘दद्ध्यत्र’ असें रूप होतें, हें परंपरेनें दिलेलें उदाहरण प्रसिद्ध आहे. शाकल्यासारख्या आचार्यांना हें द्वित्व मान्य नव्हतें, हेंहि पाणिनि प्रामाणिकपणें सांगतो. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं आज आपण ज्याला आघात म्हणतों तें दुसरें कांहीं नसून हेंच द्वित्व होय. ‘विद्या’ आपण ‘विद्द्या’ अशी म्हणतों. पहिला दकार मागच्या अक्षराला चिकटून तें बंद करतो, दुसरा पुढच्या अक्षराला जातो. मागचें अक्षर बंद झालें म्हणून तें गुरु. ‘नद्या’ म्हणतांना असें कांहीं घडत नाहीं. ‘न’ मोकळा राहतो, आणि त्याच्या मागून यकाराच्या रंगाचा एकच दकार येतो.

शंका असेल त्यानें पुढील जोड्या मोठ्यानें म्हणून पाहाव्या. ‘आम्ही उद्यां पुण्याला जातों’ या वाक्यांतील ‘पुण्याला’, आणि ‘त्याच्या पुण्याला सीमा नाहीं’ यांतील ‘पुण्याला’, हे दोन शब्द लिहितांना अक्षरशः एक आहेत. उच्चारांत पहिल्याचा ‘पु’ लघु आहे आणि दुसऱ्याचा गुरु. गांवाच्या नांवाचा उच्चार पुण्यकर्माप्रमाणें कोणी केला तर तो मराठी बोलणारा नव्हे असें ऐकणारा लगेच ओळखील. ‘दिवा’ या शब्दावरून झालेला ‘दिव्याला’ आणि ‘दिव्य’ या शब्दावरून झालेला ‘दिव्याला’ यांची गोष्ट तीच. ज्योत दिव्याला लावावी व सत्त्वपरीक्षेसाठीं दिव्याला सामोरें जावें. दोहोंचें लेखन एक, परंतु पहिल्यांत वकार एक व दुसऱ्यांत दोन ऐकूं येतात. ‘सखा’ यापासून ‘सख्याला’ आणि ‘सख्य’ यापासूनहि ‘सख्याला’. ज्या भाषेंत एकाच लेखनाच्या दोन शब्दांचे अर्थ केवळ अशा उच्चारभेदानें वेगळे पडतात, त्या भाषेंत तो भेद खरा आहे, कवीच्या सोयीसाठीं कल्पिलेला नाहीं, हें निराळें सिद्ध करण्याची गरज आम्हांस वाटत नाहीं.

गंमत अशी, कीं आमच्या लिपीनें एका अक्षरापुरता हा भेद केव्हांच ओळखला आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ नमस्कार करावा, आणि ‘आचाऱ्यांना’ पानें किती वाढावयाचीं तें सांगावें. रफाराचा र मागच्या अक्षराच्या डोक्यावर आघात करून बसतो. आडव्या चंद्रकोरीसारखा र पुढच्या यकाराशीं एकजीव होतो. संस्कृतांतून आलेल्या लेखनांत नसलेलें हें रूप मराठीनें आपल्या कानाच्या साक्षीनें वापरांत ठेवलें, आणि आज युनिकोडच्या कोष्टकांतहि त्याची सोय करून ठेवावी लागली आहे. येथें एक विचित्र योग जुळला आहे. ‘आचार्यांना’ या शब्दांत ‘चा’ मुळांतच दीर्घ असल्यामुळें वृत्ताच्या दृष्टीनें दोन्ही रूपांत कांहींच फरक पडत नाहीं. तेथें लिपि भेद दाखविते. ‘पुण्याला’ या शब्दांत वृत्ताचा सगळा हिशेब बदलतो. तेथें लिपि मुकी आहे. जो लेखक ‘दऱ्या’ असें न चुकतां लिहितो त्यानेंच ‘नद्या’ शब्दांतील ‘न’ लघु धरल्याबद्दल कवीस बोल लावावा, ही विसंगति आहे.

आतां आम्ही ज्या मुद्द्यास सर्वांत अधिक वजन देतों त्याकडे वळूं. हे रंगीत व्यंजनाचे शब्द मराठींत कोठून येतात? त्यांतील बहुतेक विभक्तीच्या किंवा वचनाच्या रूपांतून येतात. ‘घोडा’ याचें सामान्यरूप ‘घोड्या’, ‘खडा’ याचें ‘खड्या’, ‘दुसरा’ याचें ‘दुसऱ्या’. ‘नदी’चें अनेकवचन ‘नद्या’, ‘कळी’चें ‘कळ्या’. मूळ शब्द आणि त्याचें सामान्यरूप यांत फरक किती, तर व्यंजनावर चढलेल्या तालव्य छटेचा. आयरिश भाषेंत होडीच्या होड्या ज्या उपायानें होतात त्याच जातीचा हा उपाय आहे, आणि आपण तो रोज शेंकडों वेळां करतों. हीच क्रिया निरनिराळ्या व्यंजनांवर झाली म्हणजे काय होतें तें पाहिलें, कीं यकार येथें स्वतंत्र वर्ण आहे कीं नाहीं याचा उलगडा होतो. ‘घोडा’ आणि ‘खडा’ यांच्यावर ती झाली तर डकार डकारच राहतो व शेजारीं यकाराची झांक ऐकूं येते. ही पहिली पायरी. ‘माझा’ या शब्दावर झाली तर झकाराचें स्थानच हलतें. ‘माझा’ म्हणतांना जीभ दांतांपाशीं असते, ‘माझ्या’ म्हणतांना ती टाळूकडे जाते, आणि यकार म्हणून वेगळें कांहीं उरत नाहीं. सबंध झकार तालव्य होऊन जातो. ही दुसरी पायरी. ‘ससा’, ‘घसा’, ‘पैसा’ यांच्यावर झाली तर ‘सशाला’, ‘घशाला’, ‘पैशाला’ अशीं रूपें होतात. येथें सकार टाळूकडे सरकतां सरकतां शकारच झाला, आणि मान्य लेखनानेंहि यकार टाकून देऊन नुसता ‘शा’ स्वीकारला. ही तिसरी पायरी. ‘सशाला’ या शब्दांत ‘स’ लघु आहे याबद्दल जगांत कोणाची तक्रार नाहीं, कारण तेथें डोळ्यांना जोडाक्षर दिसत नाहीं. परंतु ‘सशाला’ आणि ‘खड्याला’ हीं रूपें एकाच साच्यांतून निघालेलीं आहेत. ज्या क्रियेचा परिणाम एका ठिकाणीं उघड उघड एकच व्यंजन आहे, ती दुसऱ्या ठिकाणीं दोन व्यंजनें निर्माण करते असें म्हणण्यास आधार काय? खरीं दोन व्यंजनें पाहावयाचीं असतील तर ‘खड्ड्याला’ हा शब्द घ्यावा. ‘खडा’ आणि ‘खड्डा’ हे दोन शब्द ज्याच्या कानाला निराळे लागतात, त्याला ‘खड्याला’ आणि ‘खड्ड्याला’ यांतील लघुगुरूंचा भेद शिकवावा लागत नाहीं.

च, ज, झ या वर्णांची कथा येथें थोडी अधिक सांगितली पाहिजे, कारण तेथें छटेचें बळ सर्वांत स्पष्ट दिसतें. मराठींत या वर्णांचे दन्त्य व तालव्य असे दोन उच्चार आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व, तेथें जकार तालव्य. ‘जग’ म्हणजे जीव धरून राहा, तेथें तो दन्त्य. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडें, यांचेंहि तसेंच. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें इ. स. १९२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या मराठीवरील ग्रंथांत या उच्चारांची चिकित्सा केली आहे, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तो ग्रंथ इ. स. १९४१ मध्यें ‘मराठी भाषेचा विकास’ या नांवानें मराठींत आणला. देशी व तद्भव शब्दांतील स्थूल नियम असा, कीं इ, ए व य यांच्या संगतींत हे वर्ण तालव्य राहिले, इतरत्र दन्त्य झाले. म्हणून ‘घरचा’ दन्त्य, ‘घरची’ तालव्य, ‘घरच्या’ तालव्य. याचा एक मजेदार परिणाम असा, कीं ग्रंथांतील ‘माझें’ तालव्य झकारानें वाचावें लागतें आणि घरांतील ‘माझं’ दन्त्य झकारानें म्हटलें जातें. लेखणी स्वर बदलते आणि त्याबरोबर व्यंजनहि बदलून बसतें. मान्य शुद्धलेखन ‘दरवाजाला’ असें लिहावयास सांगतें, ‘दरवाज्याला’ असें नव्हे. परंतु ‘माझ्या’ मात्र यकारासह लिहावयाचें. पहिल्यांत छटा वाचकानें आपल्या पदरची घालावयाची, दुसऱ्यांत ती लिहून दिलेली. बोलावें तसें लिहिण्याचा जो अभिमान वर सांगितला, त्याची मर्यादा ही अशी आहे.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येऊं शकतो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. ग्रीक व लॅटिन छंदांचा ज्यांना परिचय आहे ते म्हणतील, कीं मागचें अक्षर लघु राहण्यास व्यंजन एकच असावें लागतें असें नाहीं. त्या भाषांत क, त, प यांच्यासारख्या स्पर्शवर्णापुढें र किंवा ल आला तर कवि मागचा ऱ्हस्व स्वर लघु धरूं शकत, कारण दोन्ही व्यंजनें मिळून पुढच्या अक्षरांत जात. मराठींतहि ‘ड्या’ हीं दोन व्यंजनें मिळून पुढें जातात, एवढेंच म्हटलें तर काय बिघडलें? उत्तर असें, कीं मग हीच मुभा मराठीनें रकाराला दिली असती. पण ‘कुत्रा’, ‘छत्री’, ‘विक्री’ हे घरगुती शब्द पाहा. त्यांतलें पहिलें अक्षर आपण निःसंशय जड उच्चारतों. ‘कुत्रा’ शब्दांतील ‘कु’ लघु धरून कोणी श्लोक रचला तर तो म्हणतांना जीभ अडखळेल. रकार हा तकाराच्या उच्चाराबरोबर एकाच वेळीं उच्चारतां येत नाहीं. जिभेच्या टोकानें एक काम संपवून दुसरें सुरू करावें लागतें. यकाराची गोष्ट वेगळी. टोक आपल्या कामांत असतांना जिभेचा मध्यभाग टाळूकडे उचलतां येतो. जी हालचाल व्यंजनाबरोबर होऊं शकते तिच्यापुरतीच मराठीनें सूट दिली आहे, आणि जी होऊं शकत नाहीं तिला दिलेली नाहीं. ही निवड योगायोगानें होणार नाहीं.

आणखी एक शब्द आमच्या विरुद्ध उभा करतां येईल, तो ‘उद्यां’. हा कांहीं पंडिती शब्द नव्हे, परंतु त्यांतला ‘उ’ आपण गुरु उच्चारतों. मात्र येथील यकार सामान्यरूपाचा किंवा अनेकवचनाचा नाहीं. तो शब्दाच्या अंगचाच आहे. यावरून आमचा नियम अधिक नेमका होतो. यकार दिसला कीं मागचें अक्षर लघु, असें आम्ही म्हणत नाहीं. शब्दाला रूप देतांना जो यकार व्यंजनावर चढतो तो त्या व्यंजनाचा रंग असतो. जो मुळांतच वर्ण म्हणून आलेला आहे तो आपलें वजन राखतो. ‘पुणें’ यापासून झालेलें ‘पुण्या’ आणि ‘पुण्य’ यापासून झालेलें ‘पुण्या’ यांतील भेदाचें मर्म हेंच.

‘तुम्ही’, ‘पुन्हां’, ‘नव्हे’, ‘कुऱ्हाड’ या शब्दांतहि मागचें अक्षर लघु राहतें, म्हणून येथें त्यांचाहि उल्लेख केला पाहिजे. मात्र त्यांचें कारण थोडें निराळें आहे. ‘म्ह’ किंवा ‘न्ह’ म्हणतांना तोंडांत दुसरी हालचाल होत नाहीं; कंठांतील स्वरतंतु सैल राहून मकाराबरोबर घोषयुक्त श्वास बाहेर पडतो. ‘भ’ हा जसा बकाराचा महाप्राण, तसा ‘म्ह’ हा मकाराचा महाप्राण. संस्कृताच्या वर्णमालेंत त्याला घर नव्हतें म्हणून तो जोडाक्षराचा वेष घेऊन वावरतो. तेव्हां हें दुय्यम उच्चारण नव्हे. परंतु दोन्ही ठिकाणीं एकाच व्यंजनास दोन अक्षरांचा पोशाख चढविलेला आहे, आणि वृत्तदोष काढणारा दोन्ही ठिकाणीं पोशाख मोजतो, हें साम्य आहे. ही जाणीव नवी नाहीं. संयुक्त वर्णापूर्वींचें अक्षर क्वचित् लघु होतें, असें प्राकृत छंदांचें विवेचन करणाऱ्या ‘प्राकृतपैंगल’ या ग्रंथानें आरंभींच सांगून ठेवलें आहे. संस्कृताचें व्याकरण आदरणीय खरें. पण प्राकृतें बोलणाऱ्या लोकांचे कान निराळे झाले होते, आणि त्यांच्या छंदःशास्त्रकारांनीं त्या कानांचा मान ठेवला.

आतां टीकाकाराच्या मूळ तक्रारीकडे येऊं. त्याची खरी भीति अशी आहे, कीं पोथींतला नियम सोडून कानावर हवाला ठेवला तर वृत्ताची शिस्त राहणार नाहीं; ज्याला जें अक्षर लघु हवें तें तो लघु करील आणि कानाची साक्ष काढील. ही भीति आम्हांस समजते, कारण पद्यरचनेंतील आळस झांकण्यास लोक कसलींहि कारणें देतात हें आम्हींहि पाहिलें आहे. परंतु वरील विवेचनावरून दिसेल, कीं कानाचा नियम पोथीच्या नियमाहून सैल नाहीं. तो ‘नद्या’ लघु धरावयास लावतो, तसा ‘विद्या’ गुरु धरावयास लावतो. सख्य या अर्थानें ‘सख्याला’ म्हणून कोणी ‘स’ लघु धरला तर त्याला कसलीहि सवलत नाहीं, तो दोषच. मोरोपंतांची आर्या घ्या. १२, १८, १२ आणि १८ मात्रांचे चरण रचावयाचे, आणि एक मात्रा चुकली तर सगळा चरण कोलमडावयाचा. ज्या परंपरेनें असें कडक बंधन शतकानुशतकें संभाळलें, तिनें ‘तुझ्या’ शब्दांतील ‘तु’ला एकच मात्रा दिली तर ती गाफीलपणानें दिली असें मानणें धाडसाचें आहे. माधवराव पटवर्धनांनीं ‘छंदोरचना’ हा आपला ग्रंथ इ. स. १९२७ मध्यें प्रसिद्ध करून इ. स. १९३७ मध्यें पुन्हा वाढवून लिहिला, तेव्हां मराठी पद्याला संस्कृताच्या मापानें मोजून भागत नाहीं ही जाणीव आमच्या विद्वानांत रुजली होती. ती अजून परीक्षणांच्या यादींत मात्र उतरावयाची आहे.

उलट, आमच्या मतें दोष कोठें धरावा हेंहि सांगतों. कित्येक कवि टीकाकाराच्या धाकानें ‘तुझ्या’ शब्दांतील ‘तु’ गुरु धरतात. चरण पोथीप्रमाणें बरोबर उतरतो. परंतु तो म्हणावयाचा झाला तर वाचकाला ‘तुझ्झ्या’ असें म्हणावें लागतें, जें कोणाची आई, बहीण किंवा शेजारी कधीं म्हणत नाहीं. असा चरण आम्ही सदोष मानतों. पद्य हें बोलण्याच्या भाषेची निवडक व नियमित गति आहे. वृत्तासाठीं शब्दाचा उच्चार बिघडवावा लागला तर कवि हरला. यादी करावयाची तर अशा चरणांची करावी. म्हणजे नवोदितांना उपदेश होईल, आणि आजवर ज्यांच्यावर वृत्तभंगाचा ठपका फुकट बसला त्यांचें परिमार्जनहि होईल.

हें सगळें लिहिण्याचें कारण केवळ जुन्या कवींची वकिली नव्हे. भाषेंतील बारीक भेद लिपींत नसले म्हणजे ते पिढ्यान् पिढ्या तोंडून कानाकडे जातात, आणि ज्या घरांत ही देवघेव थांबते तेथें ते एका पिढींत नाहींसे होतात. ज्या मुलांचें वाचन मुख्यतः इंग्रजींत होतें व मराठी पुस्तकापुरती भेटते, तीं ‘पुण्याला’ हा शब्द अक्षरांवरून वाचणार, आणि अक्षरें त्यांना अर्धीच गोष्ट सांगणार. आज मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारीं यंत्रें आलीं आहेत. त्यांनाहि हा भेद कोणी तरी सांगितल्यावांचून कळणार नाहीं. यासाठीं लिपींत नवीं चिन्हें घालावींत असा आमचा आग्रह नाहीं. सुधारकांनीं लिपीला पुरेसा त्रास दिला आहे. शब्दकोशांत मात्र च, ज, झ यांचे दोन उच्चार व संयोगाचा आघात स्पष्ट दाखविला पाहिजे. आणि शाळेंत ‘आघात होत नसेल तर’ या वाक्यापुढें शिक्षकानें न थांबतां फळ्यावर ‘नद्या’ व ‘विद्या’ हे दोन शब्द शेजारीं शेजारीं लिहावे, मुलांकडून ते मोठ्यानें म्हणवून घ्यावे, आणि कोणत्या शब्दांत दकार दोनदां ऐकूं येतो तें त्यांनाच विचारावें. उत्तर देण्यास त्यांना व्याकरण लागणार नाहीं. लागेल तो घरीं कमावलेला कान, आणि तो असेल तर गण पाडण्याचें कामहि मग पाठांतराचें राहणार नाहीं.